दोन धारांच्या वेळेत बसणारं कॉलेज

माझा भाऊ हार्लन स्कोग याने आयुष्यात एकही लग्न शेवटपर्यंत पाहिलेलं नाही, आणि त्यात त्याचं स्वतःचंही आलं. केक कापायच्या आधीच तो सुटाबुटात गाडीत बसून गोठ्यावर गेला, कारण संध्याकाळच्या धारेची वेळ झाली होती. केक मग नवरीने माझ्याबरोबर कापला. फोटोत तिच्या शेजारी मीच आहे, चेहरा अगदी नवरदेवासारखा घाबरलेला. मधुचंद्राला दोघं तळ्याकाठच्या हॉटेलात गेले, दुपारचं सूप प्यायले आणि धारेच्या वेळेला घरी परत आले. अजूनही कोणी विचारलं तर हार्लन सांगतो, "सूप छान होतं."

सकाळची धार आणि संध्याकाळची धार यांच्यामध्ये जेवढं जग मावतं तेवढंच त्याचं जग. आमच्या हेल्मर गावात गाईवाले बरेच आहेत आणि सगळ्यांनाच दोन वेळा धारा काढाव्या लागतात. पण बाकीचे कधी शेजाऱ्याला सांगतात, कधी पोराला उठवतात आणि हरणांच्या शिकारीला निघून जातात. हार्लन नाही. त्याचं म्हणणं, त्याच्या गाई दुसऱ्या कोणाला पान्हाच सोडत नाहीत. धारेचं यंत्र लावलं तरी हार्लनचा आवाज त्यांच्या कानावर पडावा लागतो. ऐंशी होल्स्टीन गाई आणि प्रत्येकीला नाव. एकीचं नाव अर्डिस आहे. अर्डिस म्हणजे मी. "तुझ्या मानासाठी ठेवलंय गं ताई," असं मला सांगतो. ती गाय लाथा मारते.

त्याची बायको जोनेल हे सगळं काही वर्षं सहन करत राहिली आणि मग अ‍ॅरिझोनाला गेली. पोहण्याचे तलाव विकणाऱ्या एका माणसाबरोबर गेली. आमच्याकडे निम्मं वर्ष बर्फ असतो. अशा गावात पोहण्याचे तलाव विकायला येणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर दुसऱ्याच कामाला आलेला असतो, हे मी माझ्या पार्लरमध्ये बसून सगळ्यांना सांगत होते. हार्लनला सांगायचं तेवढं राहिलं. त्यानंतर टीव्हीवर हवामान सांगताना अ‍ॅरिझोना आलं की तो उठून पाणी प्यायला जातो. अ‍ॅरिझोनात रोज ऊनच असतं, त्यामुळे त्याचं काही अडत नाही.

मागे राहिली सिग्ने. माझी भाची. आता हुशार भाची प्रत्येक आत्याची असते, मला कळतं. पण ही खरंच हुशार. तेरा-चौदा वर्षांची असताना तिने गाई दिवसाकाठी किती ढेकर देतात आणि त्यातून किती वायू बाहेर पडतो हे मोजायचं ठरवलं. त्यासाठी ग्लॅडिस नावाच्या गाईच्या तोंडाला तिने एक मोठी प्लास्टिकची पिशवी बांधली. ग्लॅडिस ती पिशवी घेऊन चर्चच्या आवारातून, पाद्रीबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींमधून पळत गेली. तरी पोरीने ढेकर मोजलेच, आणि जिल्ह्याच्या जत्रेत पहिला नंबर काढला. तेव्हापासून गावात तिला ढेकरवाली म्हणतात. तिलाही त्याचं काही वाटत नाही.

शाळेचं शेवटचं वर्ष आलं तशा ड्रेजबाईंनी हार्लनला बोलावून घेतलं. कोणी पुढे कुठे शिकायचं ते सांगायला शाळेने त्यांना ठेवलंय. त्या म्हणाल्या, "मिस्टर स्कोग, अशी मुलगी आमच्याकडे फार वर्षांनी आलीये. हिला फार मोठ्या ठिकाणी टाकू नका, हरवून जाईल. अगदी छोट्या ठिकाणीही नको, गुदमरेल. मधलं काहीतरी बघा. आणि जरा लांबचं बघायची तयारी ठेवा."

"लांबचं म्हणजे किती?" हार्लनने विचारलं.

"देश मोठा आहे," बाई म्हणाल्या.

हार्लनने घरी येऊन रस्त्यांचा नकाशा टेबलावर पसरला. हेल्मर मधोमध येईल अशी त्यावर सूपची ताटली उपडी ठेवली आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवली. सकाळची धार आटोपून निघायचं, पोरीला भेटायचं आणि संध्याकाळच्या धारेला परत यायचं, एवढं त्या ताटलीत बसत होतं. "ह्याच्या आत कुठलंही कॉलेज घे," तो उदार होऊन म्हणाला. "माझी काही हरकत नाही."

ताटलीच्या आत दोन कॉलेजं होती.

पहिलं राज्याचं मोठं विद्यापीठ. आमच्या अख्ख्या गावाची भक्ती तिथे. तिथल्या लाल रंगाच्या टोप्या, लाल चादरी, हार्लनच्या शेजारच्या वुटकेच्या घरी तर संडासाचं झाकणही लाल. बघायला गेलो तेव्हा सिग्ने आणि मी ग्रंथालयात शिरलो, आणि पहाटेपासून जागा असलेला हार्लन एका भल्यामोठ्या वर्गात जरा बूड टेकायला म्हणून बसला. खुर्च्या मऊ होत्या. त्याचा डोळा लागला. जाग आली तर सगळा वर्ग भरलेला आणि खाली दूर कुठेतरी एक माणूस रसायनशास्त्र शिकवत होता. उठून जाणं बरं दिसणार नाही म्हणून हार्लन शेवटपर्यंत बसला. शेजारच्या मुलाने त्याला पेन दिलं. निघताना कोणीतरी म्हणालं, "सोमवारी परीक्षा आहे, लक्षात आहे ना?"

"फार चांगली माणसं आहेत," हार्लन गाडीत सांगत होता. "एकानेही विचारलं नाही की तुम्ही कोण."

"बाबा," सिग्ने म्हणाली, "तू पन्नाशीचा आहेस. तुझ्या बुटाला शेण आहे. आणि एकानेही विचारलं नाही की तू कोण. मग मी चार वर्षं बसले तर मला कोण विचारणार?"

हार्लनने खाली बुटाकडे बघितलं. त्याला मुद्दा पटला होता आणि तो पटल्याचं आवडलं नव्हतं.

दुसरं कॉलेज अगदीच लहान, टेकडीवर, एका चर्चचं. सगळी मिळून आमच्या गावच्या नाताळच्या जेवणाला येतात तेवढी पोरं. तिथे मात्र आम्ही गाडीतून उतरलो आणि प्राचार्य धावत आले. "या या, स्कोग! पत्नींचं कळलं, वाईट झालं. काय म्हणतात, पोहण्याचे तलाव ना?" त्यांच्या स्वयंपाकीणबाईची मावसबहीण माझ्या पार्लरमध्ये केस कुरळे करायला येते, हे मला तेव्हाच आठवलं. त्या गोष्टीतला माझा वाटा मी कोणाला सांगितला नाही. दुपारच्या जेवणापर्यंत दोन प्राध्यापकांनी हार्लनला विधवा बहिणी सुचवल्या. तो धारेच्या वेळेच्या कितीतरी आधी घरी पोचला.

आणि मग मार्चमध्ये मेन राज्यातल्या व्हिटकोम कॉलेजने सिग्नेला घेतलं. फीसुद्धा जवळजवळ सगळी माफ. तिने तिथे अर्ज केलाय हे मला माहीत होतं, हार्लनला नव्हतं. रविवारी माझ्या घरी जेवायला बसलो असताना तिने सांगितलं.

"कुठेय हे?" हार्लनने विचारलं.

"मेनला. समुद्राच्या काठी."

"कुठल्या समुद्राच्या?"

"अटलांटिक, बाबा."

"समुद्रात काय आहे तुझं?"

"शेवाळ. एका जातीचं समुद्री शेवाळ गाईंच्या चाऱ्यात घातलं की त्यांच्या ढेकरातला वायू कमी होतो. तिथल्या एक बाई त्याच्यावर काम करतात. कॉलेज मोठंही नाही आणि लहानही नाही. जेमतेम अडीच हजार मुलं."

हार्लनने बटाट्याचा घास काट्यावर धरून ठेवला होता. "माझ्या गाईंच्या ढेकरांसाठी तू समुद्रावर जाणार," तो म्हणाला. "गाई इथे आहेत. ढेकर इथे आहेत."

"शेवाळ तिथे आहे," सिग्ने म्हणाली. मग लगेच, माझ्या मते फारच लगेच, म्हणाली, "पण राहू दे. मी नुसतं सांगितलं. मी मोठ्याच विद्यापीठात जाईन. तू स्वतःच्या तोंडाने हो म्हटल्याशिवाय मी कुठे लांब जायची नाही. तो बटाटा दे इकडे."

पोरगी आमच्याकडे बघत नव्हती. माझं डोकं फिरलं. मी माझ्या भावावर प्रेम करते, पण त्या क्षणी मला त्याला बटाट्याच्या भांड्यात बुडवावंसं वाटलं. सिग्ने भांडी घासायला गेल्यावर मी त्याला गाठलं.

"हार्लन, नाही म्हणायचंय तर म्हण. पण न बघता नाही म्हणायचं नाही."

"बघायला जायचं म्हणजे रात्री तिथे राहावं लागेल."

"माणसं राहतात. पलंगावर झोपतात."

"आणि गाई?"

"वुटकेला सांग."

डेल्बर्ट वुटके हा त्याचा शेजारी. वुटकेकडे जर्सी गाई आहेत, आणि हार्लनच्या मते जर्सी पाळणारा माणूस मनाने थोडा कच्चा असतो. तरीसुद्धा तो वुटकेकडे गेला. वुटकेने हो म्हटलं, आणि एक तोडगाही निघाला. धारेच्या वेळी वुटके आपला फोन गोठ्यात मोठ्या आवाजावर लावणार आणि हार्लन असेल तिथून गाईंशी बोलणार.

त्यामुळे विमानतळावर काय झालं ते सांगायला नको, तरी सांगते. पट्टा काढून, बूट काढून, दोन्ही हात वर करून हार्लन तपासणीच्या यंत्रापाशी उभा होता आणि त्याची धारेची वेळ झाली. त्याने रांगेतून बाहेर येऊन फोन कानाला लावला आणि अनवाणी उभं राहून सुरू केलं, "ये गं माझी बाय, ये ग्लॅडिस, सोड, सोड बाळा, मोकळी हो... अर्डिस! लाथ मारू नकोस, रांडे!" सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली, कारण त्याच्याआधी सिग्नेने मला "अर्डिसआत्या" अशी मोठ्याने हाक मारली होती. तपासणीच्या बाईने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, तुम्ही ठीक आहात ना? हा माणूस तुम्हाला त्रास देतो का?" मी म्हटलं, "लहानपणापासून."

दुसऱ्या दिवशी व्हिटकोमला पोचलो तर धुकं. नव्याने निवडलेल्या मुलांना आणि आईबापांना कॉलेज दाखवायचा दिवस होता. आम्ही वीसेक जण एका मुलीच्या मागे निघालो. विनी तिचं नाव. कॉलेज दाखवणाऱ्या मुलांची एक रीत असते: ती आपल्याकडे तोंड करून, बोलत बोलत उलटी चालतात. बाकीच्या आईबापांनी ती रीत चार-पाच कॉलेजांत पाहिलेली होती. आम्ही पाहिलेल्या दोन ठिकाणांपैकी एका ठिकाणी हार्लन झोपला होता आणि दुसऱ्या ठिकाणाहून पळून गेला होता. त्याला हे नवीन.

"पोरी, मागे पायऱ्या आहेत," तो म्हणाला.

"माहीत आहे काका," विनी हसून म्हणाली आणि उलटीच तीन पायऱ्या उतरली.

हार्लनला राहवेना. तो धावत पुढे गेला, तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून, चारा भरलेली ट्रॉली फाटकातून मागे घेताना करतो तसं सुरू केलं, "येऊ दे... येऊ दे... जरा डावीकडे घे. अजून. सरळ, सरळ. बस्स! झाड आहे." विनी थांबली. "हं, आता उजवीकडून काढ. येऊ दे, येऊ दे..." ग्रंथालय झालं, नाट्यगृह झालं. विनी कॉलेजच्या स्थापनेची गोष्ट सांगत होती आणि मागून "खड्डा चुकव" असं ऐकू येत होतं. एका वळणावर तर तो तिच्या पाठीवर हाताने दोनदा थाप मारणार होता, ट्रॉलीला मारतो तशी, पण मी ओरडले म्हणून वाचली.

बॉस्टनहून आलेला एक उंची कोटवाला बाप मला म्हणाला, "कॉलेजने सुरक्षेची व्यवस्था छान ठेवलीय."

सिग्ने सगळ्यात शेवटी, हुडीची टोपी नाकापर्यंत ओढून चालत होती. "आत्या, तो माझा बाप नाही असं सांगता येईल का?"

"मी पन्नास वर्षं प्रयत्न करतेय," मी म्हटलं.

शेवटी सगळ्यांना एका मोठ्या दालनात नेलं. तिथे टेबलं मांडून प्राध्यापक उभे होते. एका टेबलामागे ठेंगण्या, वाऱ्याने केस विस्कटलेल्या एक बाई होत्या, पेल्टिएबाई. त्यांच्यासमोर बादलीभर तांबूस, बुळबुळीत शेवाळ होतं. हार्लन थेट तिथे गेला.

"हेच का ते?"

"हेच. चाऱ्यात अगदी थोडं मिसळायचं."

"चव कशी आहे?"

"गाई तक्रार करत नाहीत."

"जे मी खाल्लं नाही ते माझी गाय खात नाही," असं म्हणून हार्लनने बादलीत हात घातला, मूठभर शेवाळ तोंडात टाकलं आणि डोळे मिटून चावायला लागला. तो बराच वेळ चावत होता. कोटवाल्या बापाला वाटलं की ही इथली पाहुण्यांचं स्वागत करायची पद्धत असावी. त्याने हातमोजा काढला, शेवाळाची एक दशी उचलली आणि तोंडात घातली. त्याच्या बायकोने घातली. मग मागची सगळी रांगच एकेक दशी उचलत पुढे आली, सगळे गंभीर चेहऱ्याने चावताहेत, चर्चमधला प्रसाद घेतल्यासारखे.

"अहो, ते अजून धुतलेलं नाही!" पेल्टिएबाई ओरडल्या.

तेव्हा कुठे रांग फुटली. हार्लनने मात्र घास गिळला. "खारट आहे," तो म्हणाला. "मर्टलला आवडेल. ग्लॅडिसचं सांगता येत नाही."

पेल्टिएबाई एकदम थबकल्या. "ग्लॅडिस? पिशवी घेऊन पळाली ती ग्लॅडिस?" मग त्यांनी हार्लनच्या खांद्यावरून मागे बघितलं. "मग तू सिग्ने! टोपी काढ बघू. अर्जात चादरींचं जे तू लिहिलं होतंस ना, ते मी रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं. ये, इकडे ये, तुझ्या मोजणीत एक चूक आहे, पण फार सुंदर चूक आहे, ती मला कधीची तुला दाखवायची होती."

सिग्नेने टोपी मागे टाकली. दोघी कागदावर डोकी घालून बसल्या आणि आम्ही तिथे आहोत हे विसरून गेल्या. पोरगी इतक्या भराभर बोलत होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला घरी इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. घरी ऐकायला कोण होतं? आम्ही दोघं. आम्हाला काय कळत होतं त्यातलं?

मी हार्लनकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला होता. मला तो चांगला ओळखू येतो, लहानपणी फुटलेलं भांडं लपवताना असायचा तसा. तो इथे हे कॉलेज वाईट निघावं म्हणून आला होता. गर्दी असावी, माणसं शिष्ट असावीत, पोरीला कोणी ओळखू नये, म्हणजे नाही म्हणायचं काम आपोआप झालं असतं. आणि इथे एका बाईला त्याच्या पोरीचं नाव तर माहीत होतंच, गाईचंही माहीत होतं.

"मी फोन करून येतो," तो म्हणाला आणि बाहेर गेला. मी मागे गेले. धारेची वेळ झाली होती.

"डेल्बर्ट, लाव मोठ्या आवाजावर."

पलीकडून वुटकेचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अरे, धार झाली. आज जरा लवकर उरकली."

"झाली? माझ्याशिवाय?"

"हार्लन, एक सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी तू विमानतळावरून बोलत होतास ना, तेव्हाही आणि आज सकाळीही फोन गोठ्यात नव्हता. माझ्याकडून तो त्याच्या आधीच टाकीत पडला होता. तेव्हापासून माझे फोन बायकोच्या फोनवर वळवलेत, आताही मी त्यावरच बोलतोय. तुझं बोलणं ती घरात ऐकत होती. ती विचारतेय, तू रांड कोणाला म्हणालास?"

"आणि गाई?"

"दिलं की दूध. सगळ्यांनी दिलं. ग्लॅडिसने जरा जास्तच दिलं. मी रेडिओ लावला होता."

हार्लनने फोन खिशात ठेवला. तो इतका दुखावला होता की मला हसू आवरेना आणि हसायची लाजही वाटली. "रेडिओ," तो म्हणाला. "ताई, तीस वर्षं मी एक रात्र बाहेर काढली नाही. रेडिओ!"

आम्ही समुद्राकडे उतरत गेलेल्या लाकडी धक्क्यावर आलो. थोड्या वेळाने सिग्ने आम्हाला शोधत आली. गाल लाल, हातात ओलं शेवाळ, आणि डोळे पुसलेले.

"चला," ती म्हणाली. "बघून झालं. मी ठरवलं. मी घराजवळच जाते."

"आवडलं नाही?" हार्लनने विचारलं.

"आवडलं. त्याचं काय?"

"मग का?"

"कारण तू, बाबा." ती त्याच्यावर चिडली होती. "संध्याकाळी गोठ्यातून आलास की तू काय करतोस, तुला तरी माहीत आहे का? दारातून ओरडतोस, 'कोण आहे का?' मी समोर चुलीपाशी उभी असते. तुला दिसत असते. तरी विचारतोस. रोज. मी 'आहे' म्हटल्याशिवाय तू बूट काढत नाहीस. एकदा मी मुद्दाम बोलले नाही तर तू तसाच उभा राहिलास, बर्फ आत येत होता. मी गेले तर 'आहे' कोण म्हणणार? आत्या रोज येणार आहे का?"

मी रोज त्याच्यावर तोंडसुख घेते, पण हे मला माहीत नव्हतं.

हार्लन समुद्राकडे बघत होता. पहिल्यांदाच बघत होता तो समुद्र, पण मला नाही वाटत की त्याला तो दिसत होता.

"तुझी आई गेली त्या दिवशी मी अशीच हाक मारली होती," तो म्हणाला. "कोणी बोललं नाही. तू शाळेतून आत्याकडे गेली होतीस. मला वाटलं असेल मागे कुठेतरी. मी बूट काढले, हात धुतले, जेवायला बसलो. वाट बघत बसलो."

"बाबा, मी आईसारखी जाणार नाहीये."

"ऐक तर. तिने मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी अडवलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून नाही विचारलं. तू विचारलंस." तो मोठ्याने खाकरला. "आज अडवलं तर तू राहशील. मला माहीत आहे, राहशील. पण परत कधी मला काही विचारणार नाहीस. मला ते नको."

"म्हणजे?"

"म्हणजे जा."

"नीट सांग."

"हो. माझ्या तोंडाने. हो. जा, त्या बाईंना सांगून ये."

सिग्नेने ते शेवाळ खाली टाकलं आणि त्याच्या गळ्यात पडली. मग ती धक्क्यावरून धावत सुटली, बूट आपटत, मागे न बघता. हार्लन ती गेली त्या दिशेला बघत उभा होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "मला धर."

"चक्कर येतेय का रे?"

"नाही. ती सांगून येईपर्यंत धरून ठेव. नाहीतर मी मागून धावत जाईन आणि नाही म्हणून येईन."

मी दोन्ही हातांनी त्याची कॉलर घट्ट धरली. ती परत येईपर्यंत त्याने दोनदा ओढून बघितलं.